बॉयलर अटेंडंट, एक जागा

ते कार्ड राहू द्या. म्हात्रे शेठ, नाही, ते काढू नका. फोटो हवा तर थोडा डावीकडे घ्या. हार कार्डावरून गेला तरी चालेल. कार्ड मात्र बोर्डावर राहू द्या.

हं. झालं. बसा तुम्ही.

काकू, संज्योत, आणि आपण सगळे. तुम्ही रविवारची संध्याकाळ सोडून आलात. कुणी उभे आहात, कुणी दाराबाहेर आहात. मी बोलायचं लिहून आणलंय. कागदावरचं पहिलं वाक्य असं आहे की सामंत काका आता आपल्यात नाहीत. ते वाक्य मला वाचता येत नाहीये. रडू येतंय म्हणून नव्हे. एक माणूस आता नाही, असं मी गेल्याच महिन्यात एकदा लिहिलं होतं. खात्रीने लिहिलं होतं. तो माणूस या सभेत तिसऱ्या रांगेत बसलाय.

म्हणून कागद बाजूला ठेवते. बोलणं मागेपुढे होईल. सांभाळून घ्या.

ज्यांना मी माहीत नाही त्यांना सांगते. मी मेधा गुप्ते. राहायला कोपरीत. ठाण्याच्या एका कंपनीत आहे. आमची कंपनी कारखान्यांना माणसं शोधून देते. काका जे काम डोंबिवलीत या बोर्डावर करत, तेच मी ठाण्यात संगणकावर करते. तेच, असं मी म्हणते. ते म्हणत नसत.

हा बोर्ड तुम्हाला नवा नाही. तुमच्यातले निम्मे लोक या बोर्डासमोर उभे राहिलेले आहात. मीही राहिले. एम.ए. झाले होते, मराठी घेऊन. काकांनी विचारलं, काय येतं? मी म्हटलं, वाचता येतं. त्यांनी खणातून एक कार्ड काढलं आणि म्हणाले, मग हे वाच आणि यात काम काय आहे ते मला सांग. कार्डावर लिहिलं होतं, नामांकित कंपनीत उत्तम वातावरणात सुवर्णसंधी. मी तीनदा वाचलं. म्हटलं, यात काम काय ते लिहिलेलं नाही. ते म्हणाले, उद्यापासून ये.

चार वर्षं मी त्यांची कार्डं लिहिली. त्यांनी मला विशेषणं काढायला शिकवलं. म्हणायचे, "उत्तम वातावरण म्हणजे काय, गुप्ते? पंखा आहे का, ते लिही."

पंखा आहे का हे ते स्वतः जाऊन बघत. जागा बघितल्याशिवाय त्यांनी एकही कार्ड लावलं नाही. कारखान्यात जायचे, जिथे माणूस उभा राहणार तिथे दहा मिनिटं उभे राहायचे. मग एकच प्रश्न विचारायचे. आधीचा का गेला? मालक चिडायचे. काही जण हाकलून द्यायचे. काका परत यायचे आणि ते कार्ड लागायचं नाही.

दुसरा नियम सगळ्यांना आठवत असेल. कार्डाखाली ते पेन्सिलीने उमेदवाराचं नाव लिहीत. मग उत्तर येईपर्यंत कार्ड बोर्डावर. उत्तर आलं की ते त्या माणसाला समोर बसवून सांगत. होकार असो, नकार असो, तोंडी. त्यानंतर कार्ड तो माणूस स्वतः काढी. काकांनी कधी काढलं नाही. नकार घेऊन स्वतःच्या हाताने टाचणी काढणारी माणसं मी पाहिली आहेत. मला ते क्रूर वाटायचं. मी एकदा तसं म्हटलं. ते म्हणाले, न सांगता काढलेलं बरं वाटेल का त्याला? ते क्रूर होतं की नव्हतं, अजून ठरत नाही.

मग मी ठाण्याला गेले. आमच्यात भांडण सुरू झालं ते तेव्हापासून. भांडण म्हणजे दर महिन्याला एक फोन.

मी सांगायचे, काका, बोर्डावर कोण येतं? ज्याला गरज आहे तो. गरज असलेला माणूस चांगला असेलच असं नाही. तुमचा हा लाकडी बोर्ड घ्या, नाहीतर नोकऱ्यांच्या वेबसाइट घ्या, गोष्ट एकच. जागा लावायची आणि वाट बघायची. शेकड्यांनी अर्ज येतात. फिटरच्या जागेला नर्तक अर्ज करतो. त्यापेक्षा सोशल नेटवर्किंगच्या साइटवर मला माणूस दिसतो. कुणाबरोबर काम करतो, लोक त्याच्याबद्दल काय लिहितात, तो स्वतः काय लिहितो.

ते ऐकून घ्यायचे. मग म्हणायचे, "आणि तिथे सगळे उत्साही असतात ना गं? बॉयलरला उत्साह नको असतो. लक्ष असलं म्हणजे झालं."

एकदा म्हणाले, नोकरी असलेल्याच्या दारात तू उभी. नोकरी नसलेला माझ्या दारात उभा. या दोघांनी भेटायचं कुठे?

पण खडवलीच्या बाईंची गोष्ट मी त्यांना सांगितली होती, आणि तीही खोटी नाही. एका प्रयोगशाळेला केमिस्ट हवी होती. बोर्डावर दोन महिने कार्ड. वेबसाइटवर दोन महिने जाहिरात. कुणी मिळेना. मग मला सोशल साइटवर खडवलीच्या एक बाई दिसल्या. मूल लहान म्हणून घरी होत्या. कुठेही अर्ज केलेला नव्हता. पण गावातल्या विहिरींचं पाणी तपासायच्या आणि आकडे लिहायच्या. नुसते आकडे. एक विशेषण नाही. मी त्यांना लिहिलं. आज त्या तिथे मुख्य आहेत. काकांनी हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ही माझ्या बोर्डासमोर आली नसती. मी जिंकले असं मला वाटलं. त्यांनी लगेच विचारलं, "तिच्याआधीची का गेली होती?" मला ते माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं.

हे मी का सांगतेय? कुणाची बाजू खरी, हे ठरवायला मी इथे उभी नाही. मला ठरवता आलं असतं तर मी कागद वाचला असता.

आता त्या कार्डाकडे येते.

गेल्या महिन्यात आमच्याकडे बॉयलरवरच्या माणसाची मागणी आली. इथलाच कारखाना, औद्योगिक वसाहतीच्या फेज दोनमधला. अवघड जागा मी अजूनही काकांना कळवायचे. ते जाऊन उभे राहून आले. कार्ड मागे दिसतंय तुम्हाला, पण लांबून वाचता येणार नाही. मी वाचते. बॉयलर अटेंडंट. एक जागा. तीन पाळ्या. दुसऱ्या वर्गाचं प्रमाणपत्र हवं. आधीचा का गेला, नजर कमी झाली. बसायला स्टूल आहे. पंखा नाही.

स्टूल आधी नव्हतं. ते काकांनी ठेवायला लावलं.

खाली पेन्सिलीने नाव, गणेश शिर्के, मोहने. शिर्के मोहन्याच्या जुन्या कारखान्यात बॉयलरवर होते. तो बंद झाल्यावर इकडे तिकडे. दीड वर्षापूर्वी तेही सुटलं. काकांनी नाव मला कळवलं आणि म्हणाले, याला बोलाव.

आमच्याकडे बोलावण्याआधी एक रीत आहे. माणसाला साइटवर बघायचं. मी बघितलं. गणेश शिर्के, मोहने. एकच निघाला. कामाची वर्षं जुळली. आणि फोटो होता चंदनाचा हार घातलेल्या माणसाचा. कपाळाला गंध. खाली भावपूर्ण श्रद्धांजली. त्याखाली पन्नासएक लोकांनी हात जोडलेले. कुणी लिहिलं होतं, दादा, फार लवकर गेलात.

तुम्ही काय समजला असतात?

आता तुमच्यातल्या काहींच्या लक्षात आलंय. हो. घरातलं माणूस गेलं की आपण साइटवरचा आपला फोटो काढतो आणि त्याचा लावतो. माझ्या आईच्या वेळी मीही लावला होता. महिनाभर माझ्या नावावर माझी आई होती. हे मला माहीत असायला हवं होतं. माहीत होतंच. पण त्या दिवशी मी माणूस बघत नव्हते, उमेदवार बघत होते, आणि उमेदवाराच्या नावासमोर जो फोटो असतो तो उमेदवाराचा असतो.

फोटोवर नाव नव्हतं. घरच्यांना लिहायची गरज वाटली नसेल.

मी संगणकावर नोंद केली, उमेदवार मृत. फाइल बंद झाली. मग काकांना फोन केला. म्हटलं, काका, वाईट बातमी आहे. तुमचे शिर्के गेले.

ते म्हणाले, "परवा तर येऊन गेला."

म्हटलं, काका, मी स्वतः पाहिलं.

"कुठे पाहिलंस?"

"फोनवर."

त्यांनी आणखी काही विचारलं नाही. मीही काही विचारलं नाही. अंबरनाथचे एक गृहस्थ मला साइटवर सापडले होते. प्रमाणपत्र पहिल्या वर्गाचं, नोकरी चालू, सगळे चांगलं बोलतात. मी त्यांच्या मागे लागले.

शिर्के, हे तुम्हाला आत्ताच कळतंय. त्या दिवशी काका तुमच्याकडे अचानक का आले, ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही. काकांनीही सांगितलं नाही. ते तुमच्या घरी भेटायला आले होते. म्हणजे तुमच्या माणसांना भेटायला. तुम्ही गेलात म्हणून.

हसू येत असेल तर हसा. काकू, तुम्हीही हसा. काका हसले असते.

तिथे काय झालं ते मला स्वतः शिर्क्यांनी सांगितलं. दार त्यांनीच उघडलं. बाहेर काका, पांढरा शर्ट घालून. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "शिर्के, तुम्ही घरी आहात का?"

शिर्के म्हणाले, "साहेब, मी कुठे जाणार?"

काका आत आले. खुर्चीवर बसले. भिंतीवर हार घातलेला फोटो होता, शिर्क्यांच्या थोरल्या भावाचा. काकांनी फोटोकडे बघितलं, शिर्क्यांकडे बघितलं, परत फोटोकडे. दोघा भावांचं नाक सारखं आहे, कपाळ सारखं आहे. मग काका म्हणाले, चहा टाका.

काका उमेदवाराच्या घरचं पाणीसुद्धा घेत नसत. इथे बसलेल्यांपैकी कितीजणांनी आग्रह करून पाहिलाय. त्या दिवशी त्यांनी चहा मागून घेतला. निघताना म्हणाले, उत्तर मॅडमकडून येईल, मी तुम्हाला सांगायला येईन.

त्यानंतर त्यांनी मला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मी मुलाखतीत होते. मी लिहिलं, नंतर बोलते. त्यांचं उत्तर आलं. शुक्रवारी ठाण्याला येतो, समोर बसून बोलायचं आहे. फोनवर सांगून टाकलं असतं तर? मी हा प्रश्न स्वतःला रोज विचारते. मग लक्षात येतं, फोन मीच घेतला नव्हता.

बुधवारी सकाळी काका गेले. शुक्रवार आला तेव्हा ते नव्हते.

स्मशानात मी मागे उभी होते. चितेपाशी एक गृहस्थ लाकडं रचायला हात लावत होते. ओली लाकडं खाली घालू नका, असं तिथल्या माणसाला सांगत होते. वारा कुठून येतोय ते बघून त्यांनी दोन लाकडं सरकवली. संज्योत, हे तुझ्यासमोर बोलतेय, माफ कर. मी त्यांना विचारलं, आपण? ते म्हणाले, गणेश शिर्के, मोहने.

मला काही कळेना. मी त्यांचा चेहरा बघत राहिले. या चेहऱ्याला मी हार घातलेला पाहिला होता. जो माणूस माझ्या लेखी मेला होता तो जिवंत समोर उभा होता. ज्यांनी त्याला माझ्याकडे पाठवलं होतं, त्यांनाच तो निरोप देत होता. मी माझं नाव सांगितलं तसे ते म्हणाले, मॅडम, साहेब म्हणाले होते उत्तर तुमच्याकडून येईल. मी काहीतरी बोलले. काय बोलले ते आठवत नाही.

मी आजवर इतक्या मुलाखती घेतल्या. आग कशी धरते हे ज्याला कळतं तो माणूस माझ्यासमोर काम करत होता. ती मुलाखत होती का? तशी ती धरावी का? काकांनी धरली असती का? काका, सांगा ना. नेमकं आता तुम्ही फोन उचलत नाही.

मी ऑफिसात नोंद बदलायला गेले. संगणक कारण विचारतो. कारणांची यादी आहे. त्यात ‘चुकून मृत लिहिलं’ असं कारण नाही. मग माझ्या साहेबांना गाठलं, चूक सांगितली. ते म्हणाले, अंबरनाथच्यांना नेमणुकीचं पत्र गेलंय, ते सोमवारी सकाळी कळवणार आहेत. ते नाही म्हणाले तर तुमचे शिर्के. ते हो म्हणाले तर विषय संपला.

म्हणजे उद्या.

शनिवारी संज्योतने गाळा उघडला. म्हात्रे शेठांचा गाळा. त्यांनी काकांना कधी हलवलं नाही. त्यांचं वाक्य सगळ्या रस्त्याला माहीत आहे, "तुजा बोर्ड हाय तवर गाला तुजाच." बोर्डावरची सगळी कार्डं उत्तरं मिळून निघालेली होती, एक सोडून. संज्योतचा फोन आला. म्हणाली, ताई, बाबांनी हे काय लिहून ठेवलंय? मला काही कळत नाही.

शिर्क्यांच्या नावाखाली काकांच्या अक्षरात तीन ओळी आहेत. त्याही वाचते. हयात आहे. स्वतः पाहिला. चहा घेतला. खाली सही.

त्यांना हे कार्ड मला दाखवायचं होतं. शुक्रवारी, समोर बसून. ते मला ओरडले असते का, माहीत नाही. बहुतेक नुसतं कार्ड टेबलावर ठेवलं असतं. तिसरी ओळ त्यांनी का लिहिली असेल, याचा मी दोन दिवस विचार करतेय. पुरावा म्हणून की कबुली म्हणून?

शिर्के, काय म्हणताय? उठू नका, बसून बोला.

शिर्के म्हणतात, मॅडम, होतं असं, मनाला लावून घेऊ नका.

नाही शिर्के. लावून घेऊ द्या.

तुमच्या आयुष्यातले एवढे दिवस माझ्या नोंदीत नाहीत. त्या दिवसांत तुम्ही रोज बोर्डाकडे येऊन जात होतात, असं म्हात्रे शेठ सांगतात. कार्ड आहे ना एवढं बघून जायचात. मी तुम्हाला बोलावलं असतं तर ती जागा तुम्हाला मिळाली असती का? माहीत नाही. अंबरनाथचे गृहस्थ खरोखर चांगले आहेत, हेही मला इथे सांगायला हवं. त्यांनी काही चूक केलेली नाही. तुम्हीही केलेली नाही.

उद्या काय उत्तर असेल ते मला आज ठाऊक नाही. सांत्वन म्हणून तुम्हाला होकार सांगून टाकावा असं मघाशी वाटलं. तो खोटा ठरला तर काकांच्या फोटोसमोर खोटं बोलल्यासारखं होईल. मी एवढंच सांगते. उत्तर मी घेऊन येईन. फोन करणार नाही. तोवर कार्ड इथेच राहील, आणि ते तुम्ही काढायचं.

आता आपण उभे राहू या.

काका कुणालाही उत्तर सांगण्याआधी थोडा वेळ गप्प बसत. होकार असला तरी तेवढाच वेळ, नकार असला तरी तेवढाच. त्यांच्या चेहऱ्यावरून समोरच्याला काही कळत नसे. तेवढा वेळ आपण गप्प राहू. मी घड्याळ लावणार नाही. काकू बसतील तेव्हा आपण बसू.

काका, नमस्कार करते.

---

सभेनंतर संज्योतने हे बोलणं लिहून मागितलं, म्हणून लिहिलं. पुढचं तिच्यासाठी.

सोमवारी सकाळी सव्वानऊला अंबरनाथच्या गृहस्थांचा होकार आला. अकराच्या सुमाराला मी मोहन्याला पोचले. शिर्क्यांना नकार सांगितला. त्यांनी चहा टाकला, मी घेतला. मग आम्ही दोघं डोंबिवलीला आलो. तू गाळा उघडून दिलास. शिर्क्यांनी कार्ड काढलं, तीन ओळी वाचल्या आणि घडी न घालता ते शर्टाच्या खिशात ठेवलं. टाचणी त्यांनी बोर्डाला परत लावली.